चिकटवही

एखाद्या मुलाच्या कपाटातील खण उघडून पाहिला, तर त्यात नाना तऱ्हेच्या वस्तू सापडतात. सहलीच्या दिवसाचे आगगाडीचे तिकीट, पुस्तकात दाबून वाळविलेले पिंपळाचे पान, आजोबांनी पाठविलेले पत्र, वर्गाचे छायाचित्र, एखाद्या सुंदर खोक्यावरचा रंगीत कागद. बाजारात या वस्तूंना कवडीचीही किंमत नसते. परंतु ज्याने त्या जपलेल्या असतात, त्याला प्रत्येक वस्तूमागे एक दिवस दिसत असतो. मात्र खणात पडलेल्या अशा वस्तूंना फारसे आयुष्य लाभत नाही. पान चुरून जाते, तिकिटावरील अक्षरे पुसट होतात, छायाचित्रामागे नावे लिहिलेली नसल्यामुळे काही वर्षांनी त्यातील माणसे ओळखू येईनाशी होतात. आणि एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत तो सारा ठेवा केरात जातो. याच वस्तू क्रमाने लावून, प्रत्येकीखाली चार शब्द लिहून, एका लहानशा वहीत नीट बसविल्या, तर त्यांना अर्थ प्राप्त होतो. अशा वहीला मराठीत चिकटवही म्हणतात.

अशा वहीची गरज किती असते, हे एका उदाहरणावरून ध्यानात येईल. ठाणे जिल्ह्यात दिवा आणि डोंबिवली या दोन स्थानकांच्या मध्ये कोपर हे स्थानक आहे. ठाण्यापासून कल्याणपर्यंतचा लोहमार्ग १ मे १८५४ रोजी सुरू झाला, तो याच भागातून गेला. आज कोपरला खालून मुख्य मार्गाच्या गाड्या जातात, तर वरून दिवा-वसई मार्ग त्यांना ओलांडून जातो. त्यामुळे एकाच स्थानकाला खालचे आणि वरचे असे दोन मजल्यांवरचे फलाट आहेत. जवळच डोंबिवलीचे पूर्व आणि पश्चिम भाग जोडणारा कोपर पूल आहे. जुना पूल धोकादायक ठरल्यामुळे २०१९ साली वाहतुकीस बंद करण्यात आला आणि २०२१ साली तेथे नवा पूल खुला झाला. ज्या पुलावरून हजारो माणसे रोज ये-जा करीत होती, तो जुना पूल कसा दिसत होता, हे पुढच्या पिढीतील मुलांनी विचारले, तर उत्तर कोठून मिळणार? सरकारी दप्तरात पुलाची मापे सापडतील. परंतु त्या पुलावरून शाळेत जाताना पाऊस कसा लागे, पुलाच्या पायथ्याशी काय विकावयास असे, हे मात्र कोणीतरी जपून ठेवलेल्या छायाचित्रावरून आणि त्याखाली लिहिलेल्या दोन ओळींवरूनच कळेल.

जपण्याजोगे जे जे असेल ते एका वहीत एकत्र करण्याची ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. पूर्वी कीर्तनकार, वैद्य आणि पाठांतर करणारी माणसे आपापले बाड बाळगीत असत. बाड म्हणजे हाताने लिहिलेली आणि दोऱ्याने बांधलेली वही. तिच्यात अभंग, पदे, औषधांचे पाठ, प्रसंगी घरातील हिशेबही उतरून ठेवलेले असत. शंकर श्रीकृष्ण देव यांनी गावोगाव हिंडून अशी अनेक बाडे मिळविली. ती आज धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात पाहावयास मिळतात. समर्थ रामदासांनी तर दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेलाच वाहिलेला आहे. त्यात त्यांनी एक मोठी व्यवहारी सूचना केली आहे. लिहिताना कागदाच्या चारही बाजूंना जागा सोडावी आणि मजकूर मध्ये लिहावा, म्हणजे पुढे कडा झिजून गेल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही. चिकटवही करणाऱ्याने हा नियम आजही पाळावा. वही हाताळली जाते ती कडांनाच धरून, आणि म्हणून कडाच प्रथम झिजतात.

परदेशातही चिकटवह्यांचा छंद जुना आहे. मार्क ट्वेन या प्रसिद्ध अमेरिकन विनोदी लेखकाला या छंदाची इतकी आवड होती, की त्याने १८७३ साली एका नव्या तऱ्हेच्या चिकटवहीचे पेटंट मिळविले. तिच्या पानांवर आधीच डिंक लावून वाळविलेला असे. पान थोडे ओले केले, की कात्रण त्यावर चिकटत असे.

चिकटवहीचे आयुष्य मुख्यतः तिच्या कागदावर अवलंबून असते. वर्तमानपत्राचा एखादा अंक महिनाभर उन्हात ठेवून पाहावा. तो पिवळा पडतो आणि घडीवर तुटू लागतो. याचे कारण असे, की तो कागद लाकूड दळून केलेला असतो, आणि लाकडात लिग्निन नावाचा पदार्थ असतो. प्रकाश आणि हवा यांच्यामुळे लिग्निनचा रंग बदलतो. शिवाय एकोणिसाव्या शतकात कागदावर शाई फुटू नये म्हणून गिरण्यांतून राळ आणि तुरटी यांचा उपयोग सर्रास होऊ लागला. तुरटीमुळे कागदात आम्लता येते, आणि आम्ल कागदाचे तंतू हळूहळू कुरतडीत राहते. म्हणूनच शंभर वर्षांपूर्वीची कित्येक छापील पुस्तके आज हात लावताच तुटतात. याउलट चिंध्या, जुने दोर आणि ताग यांपासून हाताने केलेला कागद शतकानुशतके टिकतो. पेशव्यांच्या दप्तरातील मोडी लिपीतले कागद आज दोनशे-अडीचशे वर्षांनंतरही उलगडता व वाचता येतात, ते यामुळेच.

असा कागद महाराष्ट्रात अनेक ठिकाणी तयार होत असे. जुन्नरचा कागद आणि दौलताबादचा कागद यांना विशेष मान होता. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या दरम्यान कागजीपुरा नावाचे गाव आहे. त्याचे नावच त्याच्या उद्योगावरून पडले. महंमद तुघलकाने १३२७ साली आपली राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलविली, तेव्हा कागद करणारे कारागीर त्याच्याबरोबर आले व येथे वसले, असे परंपरेने सांगतात. पुढे गिरण्यांचा स्वस्त कागद आला आणि या कारागिरांच्या मालाला गिऱ्हाईक उरले नाही. ज्या गावात घरोघर कागद होत असे, तेथे थोडीच कुटुंबे या धंद्यात राहिली.

हा उद्योग पुन्हा उभा राहावा म्हणून प्रयत्नही झाले. १९३४ साली महात्मा गांधींच्या प्रेरणेने वर्धा येथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. हातकागदाचा धंदा हा संघाने हाती घेतलेल्या उद्योगांपैकी एक होता. १९४० साली पुण्यात हातकागद संस्था सुरू झाली. तिच्या उभारणीत के. बी. जोशी यांचा पुढाकार होता आणि तिचे उद्घाटन पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. आता लिहिण्याच्या व छापण्याच्या कागदात गिरण्यांशी स्पर्धा करणे हातकागदाला शक्य नाही. परंतु निमंत्रणपत्रिका, चित्रकलेचा कागद, पिशव्या, वह्या आणि चिकटवह्या यांसाठी त्याला मागणी असते. एखाद्या मुलाने हातकागदाची चिकटवही केली, तर त्या कारागिरांच्या हातालाही तेवढे काम मिळते.

हातकागद तयार कसा होतो, हे समजून घेतल्यास तो वापरावा कसा, हेही समजते. प्रथम सुती कापडाच्या चिंध्या निवडून, बारीक कापून पाण्यात इतक्या कुटल्या जातात, की त्यांचे सूत उकलून तंतू मोकळे होतात. पूर्वी हे काम पायाने चालविण्याच्या ढेकीवर होई. आता ते यंत्रावर होते. तयार झालेला लगदा पाण्याने भरलेल्या हौदात कालवितात. मग कारागीर चौकटीत बसविलेली जाळी हौदात बुडवून उचलतो आणि चारही दिशांना हळूच हलवितो. पाणी निथळून जाते आणि तंतू एकमेकांत गुंतून जाळीवर पातळ थर बसतो. हा थर कापडावर उलटा करून टाकतात, असे अनेक थर एकावर एक रचून दाबतात आणि मग ते वाळत घालतात. तंतूंना एकत्र धरण्यासाठी डिंकाची गरज लागत नाही. पाणी निघून जाताना ते एकमेकांना घट्ट धरून ठेवतात. शेवटी खळ लावून कागद घोटला, की त्यावर शाई फुटत नाही. लगद्यात फुलांच्या पाकळ्या, गवताच्या काड्या किंवा रंगीत सूत मिसळले, तर नक्षीचा कागद आपोआप तयार होतो.

जाळी चारही दिशांना हलविल्यामुळे हातकागदातील तंतू सर्व बाजूंना पसरलेले असतात. गिरणीच्या कागदात ते बहुतांशी एकाच दिशेला, यंत्राच्या गतीच्या रोखाने असतात. म्हणून गिरणीचा जाड कागद एका बाजूने सहज दुमडतो, तर दुसऱ्या बाजूने दुमडताना घडीवर फुटतो. हातकागद मात्र कोणत्याही बाजूने जवळजवळ सारखाच दुमडतो.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. नवशिक्याने प्रथम नागमोडी घडीची चिकटवही करावी. तिला शिवण लागत नाही. शिवलेल्या वहीत वस्तू चिकटविल्या, की पाने फुगतात. पण शिवणीकडची बाजू फुगू शकत नाही, त्यामुळे वहीचे तोंड वासते. नागमोडी घडीच्या वहीला शिवणच नसल्याने ती दोन्ही बाजूंनी सारखी फुगते आणि नीट मिटते.

हातकागदाचा पूर्ण ताव पुष्कळदा ५६ सेंटिमीटर रुंद आणि ७६ सेंटिमीटर लांब असतो. त्यातून १२ सेंटिमीटर रुंद आणि ७२ सेंटिमीटर लांब अशी एक पट्टी कापावी. तिच्यावर दर १२ सेंटिमीटरवर पेन्सिलीने बारीक खूण करावी. या खुणांवर एक घडी पुढे आणि एक घडी मागे याप्रमाणे आलटून पालटून पाच घड्या घालाव्यात, म्हणजे सहा चौकोनी पाने होतात. प्रत्येक घडी आधी हाताने अलगद घालावी, दोन्ही कडा तंतोतंत जुळल्या आहेत याची खात्री करून घ्यावी आणि मगच चमच्याच्या दांड्याने ती दाबावी. पहिल्या घडीत राहिलेला थोडासा फरक शेवटच्या घडीपर्यंत वाढत जातो.

मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ यांसाठी जाड पुठ्ठ्याचे साडेबारा सेंटिमीटरचे दोन चौकोन घ्यावेत. पुठ्ठा पानांपेक्षा थोडा मोठा असला, म्हणजे पानांच्या कडांचे रक्षण होते. पुठ्ठ्यावर मढविण्यासाठी नक्षीच्या कागदाचे साडेपंधरा सेंटिमीटरचे दोन चौकोन कापावेत. त्यामुळे चारही बाजूंना दीड सेंटिमीटर कागद आत दुमडण्यास मिळतो. कागदाचे चारही कोपरे तिरपे छाटावेत. मात्र कात्री पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत आणू नये. टोकापासून पुठ्ठ्याच्या जाडीच्या दुप्पट अंतर सोडावे, नाहीतर कोपरा उघडा पडतो.

मुखपृष्ठाच्या कागदासाठी अनेक पर्याय आहेत. जुने बुकबांधणीवाले अबरी कागद वापरीत. अबर म्हणजे ढग. दाटसर केलेल्या पाण्यावर रंगांचे थेंब सोडून, काडीने त्यांना वळणे देऊन, वर कागद अलगद टेकविला, की ढगांसारखी नक्षी कागदावर उतरते. सतराव्या शतकात विजापूरच्या चित्रकारांनी या कलेत मोठे प्रावीण्य मिळविले होते. घरच्या घरी करावयाचे झाल्यास बटाट्याचा ठसा कोरून किंवा झाडाच्या पानाला रंग लावून साध्या कागदावर नक्षी उठवावी. ठाणे व पालघर भागातील वारली चित्रे तर या कामाला फारच शोभतात. गेरूच्या रंगाच्या जमिनीवर पांढऱ्या रेषांनी माणसे, झाडे आणि तारपा वाजविणारा काढावा. जिव्या सोमा मशे यांनी भिंतीवरची हीच चित्रे कागदावर आणून जगभर पोचविली आणि २०११ साली त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले.

चिकटविण्यासाठी मैद्याची खळ उत्तम. एक चमचा मैदा पाच-सहा चमचे थंड पाण्यात गुठळ्या न राहतील असा कालवावा आणि मंद आचेवर सतत ढवळावा. मिश्रण दाट व किंचित पारदर्शक झाले, की उतरवून निवू द्यावे. हे काम घरातील मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली करावे. कीड लागू नये म्हणून पूर्वी खळीत मोरचूद घालीत. पण मोरचूद विषारी असल्याने मुलांनी तो वापरू नये. त्याऐवजी लागेल तेवढीच ताजी खळ करावी आणि उरलेली दोन दिवसांत टाकून द्यावी.

नक्षीच्या कागदाला मागून खळीचा पातळ हात द्यावा, पुठ्ठा मधोमध ठेवावा आणि कडा आत दुमडून चिकटवाव्यात. खळ लावल्यावर कागद ओला होऊन पसरतो आणि वाळताना आकसतो. त्यामुळे पुठ्ठा बाहेरच्या बाजूस वाकू लागतो. घाबरण्याचे कारण नाही. मलपृष्ठाच्या आतील बाजूवर ६० सेंटिमीटर लांबीची फीत आडवी ठेवून तिचा मधला भाग चिकटवावा आणि तिच्यावर घडीच्या पट्टीचे शेवटचे पान लावावे. पहिले पान त्याचप्रमाणे मुखपृष्ठाला लावावे. आतून चिकटविलेले पान वाळताना उलट दिशेने ताण देते आणि पुठ्ठा पुन्हा सरळ होतो. ओल इतर पानांना लागू नये म्हणून मध्ये कोरे कागद घालावेत आणि वही रात्रभर जड पुस्तकांखाली ठेवावी. सकाळी वही उघडली, की समोरच्या बाजूला सहा आणि मागच्या बाजूला चार, अशी एकूण दहा पाने वापरावयास मिळतात.

वही तयार झाली, तरी लगेच चिकटविण्यास आरंभ करू नये. दहा पानांवर काय येणार, हे प्रथम पाटीवर किंवा रद्दी कागदावर ठरवून घ्यावे. कोपरला राहणाऱ्या मुलाने आपल्या गावाची वही करावयाचे ठरविले, तर पहिल्या पानावर गावाचा हाताने काढलेला नकाशा येईल. दुसऱ्यावर रेल्वे-स्थानकाचे वरचे व खालचे फलाट. तिसऱ्यावर आगगाडीचे तिकीट. चौथ्यावर पुलाचे जुने व नवे छायाचित्र. पाचव्यावर खाडीकाठच्या खारफुटीचे वाळविलेले पान. सहाव्यावर गावातील एखाद्या वृद्ध माणसाने सांगितलेली हकीगत. उरलेल्या चार पानांवर शाळा, बाजार, सण आणि आपले घर यांना जागा मिळेल. एका पानावर एक विषय असला, म्हणजे वही पाहणाऱ्याचा गोंधळ होत नाही.

छायाचित्र पानावर सरसकट चिकटवून टाकू नये. कागदाचे लहान त्रिकोणी कोपरे करावेत, ते छायाचित्राच्या चारही टोकांना बसवावेत आणि खळ फक्त त्या कोपऱ्यांनाच लावावी. असे केल्याने छायाचित्र पुढे केव्हाही न फाडता काढता येते, आणि त्याच्या मागे लिहिलेले वाचता येते. तिकिटे आणि पत्रे यांच्यासाठी पानावर कागदाचा लहानसा खिसा करावा. पारदर्शक चिकटपट्टी टाळावी. काही वर्षांनी तिचा डिंक पिवळा होतो आणि वस्तूवर कायमचा डाग पडतो. वर्तमानपत्राचे कात्रण असल्यास त्याची चांगल्या कागदावर नक्कल करून ती लावावी, कारण मूळ कात्रण शेजारच्या कागदालाही पिवळे करते. वाळलेले पान लावावयाचे असेल, तर ते पूर्णपणे वाळले असल्याची खात्री करावी, नाहीतर बुरशी येते.

प्रत्येक वस्तूखाली चार गोष्टी अवश्य लिहाव्यात: ती काय आहे, कोठली आहे, केव्हाची आहे आणि ती कोणी दिली. छायाचित्रातील माणसांची नावे डावीकडून उजवीकडे क्रमाने लिहावीत. हे लेखन अनेकांना कंटाळवाणे वाटते; कारण आज सर्वांनाच सर्व ठाऊक असते. परंतु वही ज्याच्यासाठी करावयाची, त्याला ते ठाऊक नसेल. तो कदाचित वीस वर्षांनंतरचा वही करणाराच असेल. नावाविना राहिलेले सुंदर छायाचित्र त्या वेळी मुके ठरते.

वही कोरड्या जागी, पुस्तकांच्या मध्ये उभी ठेवावी. कोपरसारख्या खाडीजवळच्या भागात पावसाळ्यात हवा फार दमट असते. म्हणून पावसाळा संपल्यावर एकदा ती उघडून सावलीत वारा लागेल अशी पसरून ठेवावी आणि कसर लागली आहे काय, हे पाहावे. कागद चांगला असेल, कडांना जागा सोडलेली असेल आणि प्रत्येक वस्तूखाली नाव व तारीख असेल, तर ही वही ज्याने केली त्याच्या नातवंडांच्या हातीही सुखरूप पडेल. शेवटच्या पानाच्या तळाशी वही करणाऱ्याने आपले नाव, गाव आणि वही पूर्ण केल्याची तारीख लिहावी. जुनी बाडे उतरून घेणारे लेखकही शेवटी असेच करीत असत, आणि त्यामुळेच ती बाडे कोणी व केव्हा लिहिली, हे आज आपल्याला कळते.